तोंड नसलेल्या पतंगांचे कुळ

टसरचा पतंग कोषातून बाहेर पडतो तो बहुधा संध्याकाळी किंवा रात्री. पंख ओले आणि चुरगळलेले असतात. जवळची काडी धरून तो लटकतो, अंगातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकलत राहतो आणि हळूहळू ते पंख ताठ होतात. या वेळी हातात भिंग असेल तर पंखांकडे बघण्याचा मोह जरा आवरावा आणि त्याचा चेहरा बघावा. दोन मोठे काळेभोर डोळे, त्यांच्या वर पिसांसारख्या दोन शृंगिका, आणि खाली दाट लव. फुलपाखराच्या चेहऱ्यावर याच जागी गुंडाळी करून ठेवलेली लांब सोंड असते. इथे ती नाही. अन्न घ्यायला तोंडच नाही. आठवड्या-दीड आठवड्याचे आयुष्य या पतंगाच्या हाती असते, आणि त्यात तो मधाचा थेंबही घेत नाही, पाणीही पीत नाही.

या कुळाला शास्त्रात सॅटर्निडी म्हणतात. महाराष्ट्रात त्याच्याशी आपली गाठ दोन ठिकाणी पडते. सह्याद्रीच्या बाजूला पावसाळ्यात घराच्या भिंतीवर, दिव्याखाली वीतभर रुंदीचा, विटकरी रंगाचा ॲटलास पतंग येऊन बसतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो. पलीकडे विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात, ऐनाच्या झाडांवर टसर पिकतो. त्याला तिकडे कोसा म्हणतात आणि त्याची साडी होते. एकाची ओळख कुतूहल म्हणून, दुसऱ्याची कापड म्हणून. दोघे सख्ख्या गोतातले आहेत हे फार थोड्यांना माहीत असते. मुगा आणि एरी ही आसामची दोन्ही रेशमे याच कुळातली, आणि फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा चंद्रपतंगही यातलाच. मात्र ज्या रेशमाला आपण नुसते ‘रेशीम’ म्हणतो ते तुतीवरचे रेशीम या कुळातले नाही. ते शेजारच्या घरातले आहे.

हे नाते कोणी आणि कसे ठरवले, हे पाहायला थोडे मागे जावे लागते. १७५८ साली लिनिअसने ‘सिस्टिमा नॅचुरी’ची दहावी आवृत्ती काढली. खवलेदार पंखांच्या सगळ्या कीटकांचा त्याने एक गण केला, लेपिडॉप्टेरा, आणि त्यात तीनच खाने पाडले. दिवसा उडणारी फुलपाखरे पॅपिलिओमध्ये गेली, तिन्हीसांजेला वेगाने उडणारे जाड अंगाचे पतंग स्फिंक्समध्ये आणि बाकी उरलेला सगळा पसारा फलिनामध्ये. ॲटलास पतंग या तिसऱ्या खान्यात पडला. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत फलिना फुटत फुटत डझनावारी कुळांत वाटला गेला. त्या काळी पुरावा म्हणून हाती होते ते फक्त शरीर: पंखांतल्या शिरा कुठून निघतात, कुठे फाटतात, शृंगिकेला किती फाटे आहेत, तोंडाचे कोणते भाग शिल्लक आहेत. जॉर्ज हॅम्पसनने १८९२ मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’चा पतंगांवरचा पहिला खंड लिहिला तो याच पद्धतीने, शिरा मोजून. ते पुस्तक आजही उघडले की समजते, रंगावर या माणसांचा किती कमी भरवसा होता. रंग उन्हाने उडतो, जातीजातीत बदलतो, एकाच आईच्या लेकरांत वेगळा असतो. शीर सहसा दगा देत नाही.

आज या गणात सुमारे एक लाख साठ हजार जातींची नोंद आहे आणि त्यांपैकी फुलपाखरे अठरा-एकोणीस हजारच आहेत. शाळेत आपण फुलपाखरे एका बाजूला आणि पतंग दुसऱ्या बाजूला असा तक्ता करतो: फुलपाखराच्या शृंगिकेच्या टोकाला गाठ, पतंगाची शृंगिका केसांसारखी किंवा पिसासारखी, फुलपाखरू पंख मिटून बसते, पतंग पसरून. रानात ओळखायला हा तक्ता चांगला उपयोगी पडतो. पण वंशावळीत दोन समान बाजू नाहीत. डीएनए वाचून काढलेल्या वंशवृक्षात फुलपाखरे ही पतंगांच्याच झाडाची एक फांदी निघते, दिवसा उडू लागलेली. ती फांदी बाजूला काढल्यावर जे उरते त्याला आपण पतंग म्हणतो. फुलपाखरांवर आपण जेवढे प्रेम करतो त्याचा निम्मा वाटा जरी उरलेल्या झाडाला मिळाला तरी बरेच काही समजेल, असे मला मनापासून वाटते.

सॅटर्निडीचे सगळ्यांत जवळचे नातेवाईक दोन. एक तुतीच्या रेशीमपतंगाचे बॉम्बिसिडी कुळ आणि दुसरे स्फिंजिडी, म्हणजे भिरभिरत फुलांसमोर थांबून मध पिणारे हॉक मॉथ. तिन्ही मिळून एका अधिकुळात बसतात. या भावंडांतला फरक विलक्षण आहे. मादागास्करच्या एका ऑर्किडची फूटभर लांब मधनळी पाहून डार्विनने १८६२ मध्ये लिहिले, की एवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे, आणि पुढे तसा हॉक मॉथ खरोखर सापडला. एका घरात जगातली सर्वांत लांब सोंड आणि लगतच्या घरात सोंडच गायब. तुतीचा रेशीमपतंगही प्रौढपणी काही खात नाही, तेव्हा फक्त सोंड नाही एवढ्यावरून एखाद्याला सॅटर्निडीत टाकता येत नाही. खूण पक्की करायला आणखी दोन अवयव बघावे लागतात: शृंगिका आणि पंखांचा सांधा.

शृंगिकेपासून सुरुवात करू. टसर किंवा ॲटलासच्या नराची शृंगिका भिंगाखाली धरली की मधला कणा दिसतो, अनेक छोट्या मण्यांचा बनलेला. बहुतेक पिसारेदार पतंगांत प्रत्येक मण्यातून दोन फाटे निघतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. आपल्याकडच्या सॅटर्निडींत प्रत्येक मण्यातून चार निघतात, दोन-दोनच्या जोड्यांनी. म्हणून ती शृंगिका इतकी रुंद आणि दाट दिसते. प्रत्येक फाट्यावर अतिशय बारीक केस असतात आणि प्रत्येक केसाच्या आत गंध ओळखणाऱ्या पेशी. टसरचा अमेरिकेतला भाऊबंद पॉलिफीमस पतंग. त्याच्या नराच्या एका शृंगिकेवर असे पन्नास हजारांहून जास्त केस असतात. हे सगळे यंत्र एकाच वासासाठी आहे. मादी पोटाच्या टोकाची ग्रंथी बाहेर काढून रात्री गंध सोडते. तो गंध हवेत अतिशय विरळ होत गेला तरी नर त्याच्या मागावर वाऱ्याच्या उलट दिशेने उडत येतो. गंधाचा रेणू केसाच्या आतल्या द्रवातून पेशीपर्यंत वाहून नेणारे प्रथिन कीटकांत पहिल्यांदा सापडले तेही याच पॉलिफीमसमध्ये, १९८१ साली. मादीची शृंगिका अरुंद असते. तिला कोणाला शोधायचे नसते, फक्त अंडी घालण्यासाठी योग्य झाड ओळखायचे असते. त्यामुळे नर की मादी हे ओळखायला पोट तपासण्याची गरज नाही, शृंगिकेची रुंदी पुरते.

फ्रान्सच्या झाँ-हेन्री फाब्रने हा खेळ आपल्या घरातच पाहिला. युरोपातला सर्वांत मोठा पतंग ‘ग्रेट पीकॉक’ हा याच कुळातला. सकाळी कोषातून निघालेली एक मादी त्याने जाळीच्या पिंजऱ्याखाली ठेवली. त्या रात्री चाळीसएक नर अंधारातून घरात घुसले. पुढे मादीला हवाबंद काचेखाली ठेवल्यावर एकही नर आला नाही, जरी ती डोळ्यांना स्वच्छ दिसत होती. बोलावणे नजरेचे नसून हवेतून येणारे आहे, हे त्याने घरच्या साधनांनी दाखवून दिले.

आता पंखांचा सांधा. पतंगाला चार पंख असतात आणि उडताना पुढचा-मागचा पंख एकत्र हलला पाहिजे. बहुतेक पतंगांत त्यासाठी मागच्या पंखाच्या मुळाशी एक ताठ राठ केस असतो. तो पुढच्या पंखाखालच्या आकड्यात अडकतो. हॉक मॉथमध्ये हा काटा ठळक असतो. सॅटर्निडींत तो नाही. त्यांच्या मागच्या पंखाचा वरचा कोपरा रुंद होऊन पुढच्या पंखाखाली सरकतो आणि दोन्ही पंख एकमेकांवर दाबले जाऊन चालतात. अवाढव्य पंख आणि हा सैल सांधा यामुळे त्यांचे उडणे संथ, हेलकावे खाणारे असते. उडताना वटवाघूळ वाटावे इतके.

आणि वटवाघूळ हाच त्यांचा मोठा शत्रू. पतंगांच्या अनेक कुळांना कान असतात. वटवाघळाची उच्च ध्वनिलहर ऐकू आली की ते गिरकी घेतात किंवा सरळ खाली पडतात. सॅटर्निडींना कान नाहीत. ज्याला ऐकू येत नाही आणि वेगाने पळता येत नाही त्याने वाचायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दहा-पंधरा वर्षांत सापडत गेले, आणि मला ते या कुळाच्या साऱ्या अभ्यासातले सर्वांत देखणे काम वाटते. चंद्रपतंगाच्या मागच्या पंखांना लांब शेपट्या असतात आणि टोकाशी त्यांना पीळ असतो. उडताना त्या गरगर फिरतात. अमेरिकेतल्या ल्यूना या चंद्रपतंगावर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले, की वटवाघळांचे निम्म्याहून अधिक हल्ले या शेपट्यांवर गेले. शेपट्या शाबूत असलेल्या पतंगांची वाचण्याची शक्यता शेपट्या काढलेल्यांपेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त निघाली. फिरती शेपटी वटवाघळाच्या आवाजाचा असा प्रतिध्वनी परत पाठवते की त्याला भक्ष्य तिथे आहे असे वाटते. तो शेपटीचा तुकडा घेऊन जातो, पतंग उडून जातो. ॲटलासच्या पुढच्या पंखाचे टोक वळलेले आणि सुरकुतलेले असते. आपण त्याला सापाचे डोके म्हणतो, आणि दिवसा पक्ष्यांना तो साप दिसतही असेल. रात्री मात्र तेच टोक अंगापेक्षा मोठा प्रतिध्वनी देते, हे इंग्लंडच्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या अभ्यासाने २०२१ मध्ये दाखवले. त्याच गटाने आधी सिद्ध केले होते की या कुळाच्या पंखांवरचे खवले ध्वनिलहरी शोषून घेतात. छातीवरची दाट लवही तेच काम करते. म्हणजे अंग आवाज गिळते आणि पंखांची टोके आवाज परत फेकतात.

पंखांवरचे डोळे सगळ्यांना माहीत आहेत. टसरच्या चारही पंखांवर एकेक वाटोळा डोळा असतो आणि त्याच्या मध्यावर खवलेच नसतात. तिथे पंखाचा मूळचा पारदर्शक पापुद्रा उघडा पडलेला असतो. वर्तमानपत्राच्या कागदावर मेलेला टसर पतंग ठेवला तर त्या खिडकीतून अक्षर वाचता येते. ॲटलासमध्ये ही खिडकी त्रिकोणी असते.

इतका वेळ प्रौढ पतंगाबद्दल बोललो, पण खरे जगणे अळीचे. जे काही खायचे ते तिनेच. पतंगाचे पंख, छातीचे स्नायू, मादीच्या पोटातली अंडी, रात्रभर उडण्यासाठी लागणारी चरबी हे सगळे अळीने पानांतून मिळवलेले असते. टसरची मादी कोषातून निघते तेव्हा तिचे पोट अंड्यांनी भरलेले असते, म्हणून ती जड असते आणि मिलनापूर्वी फारशी हलत नाही. उडण्याचे काम नराचे. तोंड टाकून देणे या कुळाला परवडले ते अळीच्या भुकेमुळे.

ही अळी अंड्यातून निघते तेव्हा काही मिलिग्रॅमची असते. चार वेळा कात टाकत, पाच अवस्थांतून जात ती महिन्या-दीड महिन्यात हजारो पटींनी वाढते आणि शेवटी बोटभर जाडीची, पानासारखी हिरवीगार होते. अंगावर ओळीने उंचवटे असतात आणि प्रत्येकावर काही राठ केस. अळी कोणत्या उपकुळातली हे सांगायला या उंचवट्यांची रचना फार कामाची असते. बाजूला चांदीसारखे चमकणारे ठिपके असतात. छातीला तीन जोड्या खऱ्या पायांच्या, टोकदार. पोटाला चार जोड्या मांसल पायांच्या आणि शेवटी एक जोडी. मांसल पायांच्या तळाशी बारीक आकड्यांच्या रांगा असतात. फांदीवरून ही अळी सोडवायचा प्रयत्न केला की या आकड्यांची ताकद कळते. ओढून काढली तर पाय तुटतील पण सुटणार नाहीत, म्हणून कोसा पाळणारे अळी कधी ओढत नाहीत. ती बसलेली डहाळीच तोडून दुसऱ्या झाडावर नेऊन ठेवतात.

केसांबद्दल एक सावधानता. आपल्याकडच्या टसर-ॲटलासच्या अळ्या निरुपद्रवी आहेत. पण दक्षिण अमेरिकेत याच कुळातल्या लोनोमिया नावाच्या अळ्यांचे काटे इतके विषारी असतात की त्यांच्या थव्यावर हात पडला तर रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते आणि माणूस दगावू शकतो. त्यावरचा प्रतिविषाचा डोस ब्राझीलच्या बुटांटान संस्थेत तयार होतो. तिकडची उपकुळे वेगळी. या कुळाची सात-आठ उपकुळे मानतात आणि त्यांतली बहुतेक अमेरिका खंडांत आहेत. भारतातल्या जवळजवळ सगळ्या जाती सॅटर्निनी या एकाच उपकुळात येतात, आणि त्याच्या आतही दोन घराणी स्पष्ट दिसतात. टसर, मुगा आणि चंद्रपतंग एका घराण्यात, ॲटलास आणि एरी दुसऱ्यात.

हा घराण्यांचा फरक कोषात उतरलेला दिसतो. अळीच्या खालच्या ओठाशी एक बारीक नळी असते. शरीराच्या दोन्ही बाजूंना वेटोळी घालून बसलेल्या रेशीमग्रंथींतला द्रव त्या नळीतून बाहेर येतो आणि हवेत ओढला जाताच धागा होतो. खरे म्हणजे ते दोन धागे असतात, सेरिसिन नावाच्या डिंकाने चिकटलेले. टसरची अळी आधी दोन-तीन पाने जवळ ओढून आडोसा करते, मग डहाळीभोवती रेशमाचे घट्ट कडे गुंफते, त्या कड्यापासून देठ काढते आणि देठाला आपला कोष लटकवते. कोष पूर्ण झाला की आतून एक चुनखडीसारखा क्षार असलेला द्रव सोडून भिंत भिजवते. ती वाळली की कवच टणक होते. पान गळून गेले तरी कोष पडत नाही, कारण तो पानाला बांधलेलाच नसतो. हिवाळ्यात ऐनाच्या निष्पर्ण फांद्यांवर हे कोसे फळांसारखे लोंबताना दिसतात. आतला प्यूपा थंडी आणि उन्हाळा झोपून काढतो आणि पावसाची चाहूल लागल्यावर जागा होतो.

पण इतक्या टणक कवचातून, तोंड नसलेल्या पतंगाने बाहेर यायचे कसे? या कुळाने त्यासाठी तीन वाटा काढल्या आहेत. ॲटलास आणि एरीच्या घराण्यातली अळी कोष विणतानाच एका टोकाला धागे सुटे, बाहेरच्या दिशेने वळलेले ठेवते. आतून ढकलले की वाट मिळते, बाहेरून शिरता येत नाही. चंद्रपतंगाच्या पुढच्या पंखांच्या मुळाशी कठीण दातेरी काटा असतो. पंख अजून मिटलेले असताना तो खांदे घासून कोष कापतो.

तिसरी वाट टसरची आणि तीच सर्वांत थक्क करणारी. हार्वर्ड विद्यापीठात फोटिस काफाटोस आणि कॅरोल विल्यम्स यांनी १९६४ मध्ये टसरच्या भाऊबंद पतंगांवर काम करून ती उलगडली. पतंग बाहेर येण्याच्या बेतात असताना त्याच्या चेहऱ्यावर एका विकराचे पांढरट स्फटिक जमलेले असतात. त्याचे नाव कोकूनेज. मग पतंग दुसऱ्या ग्रंथीतून क्षारयुक्त पाणी सोडतो, विकर विरघळते आणि कोषाच्या टोकावरचा सेरिसिनचा डिंक पचवून टाकते. धागे तुटत नाहीत, फक्त मोकळे होतात, आणि ते डोक्याने बाजूला सारत पतंग बाहेर येतो. हे विकर तयार होते कुठे? तोंडाच्या ज्या दोन भागांची इतर पतंगांत आणि फुलपाखरांत सोंड बनते, नेमक्या त्याच भागांत. टसरच्या पूर्वजांनी खाणे सोडले तेव्हा सोंडेचे अवशेष वाया गेले नाहीत. ती जागा ग्रंथी झाली, आणि एकदाच, बाहेर येण्याच्या घटकेला, उपयोगी पडते. सुरुवातीला तोंड नाही असे लिहिले ते खाण्याच्या अर्थाने खरे आहे. पण भिंगाखाली लवेत दडलेले ते दोन बारीक गोळे दिसतात तेव्हा नसलेल्या अवयवाचा इतिहास समोर असतो.

माणसाने या कोषाचा धागा ओढायला फार पूर्वी सुरुवात केली. हडप्पा आणि चन्हुदडो येथे सापडलेल्या, चार हजार वर्षांहून जुन्या रेशमी तंतूंची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली तेव्हा ते तुतीचे नसून रानरेशमाचे, टसरच्या प्रजातीचे असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्राचा पुरावाही मोलाचा आहे. हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले. तिथे ताम्रपाषाण काळातल्या, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या आत टिकून राहिलेल्या दोऱ्यात रेशमाचे तंतू निघाले. प्रवरेकाठच्या त्या लेकराच्या गळ्यातले रेशीम कोणत्या पतंगाचे, याचा विचार मनातून जात नाही.

विदर्भात कोसा पाळणे हे पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः ढिवर समाजाच्या हातातले काम आहे. मासेमारी आणि कोसा अशी त्यांच्या वर्षाची वाटणी असे. पाळणे म्हणजे रानातच पाळणे. अंडी पानांच्या द्रोणात घालून ऐनावर बांधायची आणि मग पाखरे, माकडे, मुंग्या, गांधीलमाश्या यांच्यापासून दिवसभर राखण करायची. तुतीचा किडा हजारो वर्षांत इतका माणसाळला की त्याला उडताही येत नाही. टसर तसा झाला नाही. तो आजही रानटी आहे, पतंग संधी मिळताच उडून जातो आणि रानातला नर पाळलेल्या मादीकडे येऊ शकतो. याच व्यवसायात शरीरशास्त्राचा एक धडा रोज गिरवला जातो. मादीने अंडी घातली की तिचे पोट वाटून त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पेब्रिन नावाच्या रोगाचे चकचकीत लांबट बीजाणू दिसले तर तिची सगळी अंडी नष्ट करतात, कारण हा रोग आईकडून अंड्यांत उतरतो. ही तपासणी लुई पाश्चरने १८६०च्या दशकात फ्रान्समधल्या तुतीच्या रेशीमकिड्यांसाठी बसवून दिली. रोगमुक्त अंडीपुंज म्हणून जे विकले जातात त्यांच्यामागे हे काम असते.

नावांचा घोळ मात्र अजून मिटलेला नाही. टसरला लिनिअसने १७५८ मध्ये दिलेले नाव पाफिया आणि ड्रूरीने १७७३ मध्ये दिलेले मायलिट्टा, ही दोन्ही नावे ग्रंथांतून सापडतात; कोणते कोणाला लागू यावर तज्ज्ञांत वाद झाले. आपल्याकडे रेशीमखाते आणि संशोधक मायलिट्टाच वापरतात. ॲटलासचेही तसेच. बातम्यांत छापले जाते ते ‘ॲटॅकस ॲटलास’, पण दक्षिण भारत आणि श्रीलंकेतली जात वेगळी धरतात आणि तिचे नाव ‘ॲटॅकस टॅप्रोबॅनिस’. सह्याद्रीतला पतंग तो हाच. डीएनए वापरात आल्यापासून असे तुकडे वाढतच गेले. पूर्वी या कुळात दोन हजारांच्या थोड्या वर जाती मोजत, आता यादी तीन हजारांच्या पुढे गेली आहे. नव्या जातींपैकी काही केवळ डीएनएच्या एका छोट्या तुकड्यातल्या फरकावर उभ्या आहेत. माझे मत असे, की शीर, जननेंद्रिये, अळी आणि कोष यांची साक्ष मिळेपर्यंत त्यांतल्या बऱ्याच नावांकडे कच्च्या नोंदी म्हणूनच पाहावे.

बातम्यांतला आणखी एक शब्द खटकतो: दुर्मिळ. ॲटलास दिसतो क्वचित, कारण प्रौढ म्हणून तो वर्षातले थोडेच दिवस असतो आणि तेही रात्री. बाकीचे महिने तो आपल्याच आसपास दालचिनी, पेरू, लिंबू, सीताफळ अशा झाडांवर अळी म्हणून किंवा पानात गुंडाळलेला कोष म्हणून राहत असतो. चंद्रपतंगाची अळी मोईच्या झाडावर मिळते. तोंड नसलेल्या पतंगाला वाचवायचे तर अळीची झाडे वाचवावी लागतात. फुलांच्या बागेने त्याचे काही भले होत नाही.

तेव्हा या पावसाळ्यात भिंतीवर असा मोठा पतंग दिसला तर त्याला खोक्यात ठेवू नका आणि साखरपाणी देऊ नका, ते त्याला घेताच येत नाही. शृंगिका रुंद आहे की अरुंद ते पाहून नर की मादी ठरवा. फोटो, तारीख आणि गाव ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावर नोंदवा. मग बाहेरचा दिवा बंद करा, म्हणजे त्याच्या मोजक्या रात्रींपैकी एक वाया जाणार नाही. आणि परसातल्या पेरू-लिंबाची छाटणी करताना वाळलेल्या पानात गुंडाळलेला कोष हाताला लागला, तर ती डहाळी जाळू नका, झाडालाच परत बांधून ठेवा.